रिंगेचं तोंड

हदगावच्या जिनिंगमध्ये मशीन सांभाळणारा बसवंत हा मुलखाचा तापट माणूस. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. वडील हणमंतराव वारले तेव्हा मागे दोन गोष्टी ठेवून गेले, डिझेलची जुनी जीप आणि हा राग. लेकानं दोन्ही सांभाळल्या, असं गल्लीतले लोक हसून सांगत. त्याची आई धोंडाबाई मात्र त्यावर कधी हसली नाही.

जीप धूर ओकायची. बसवंतची बायको साक्षी बाळंतपणाला धर्माबादला माहेरी गेली होती आणि दसऱ्याला तिला नि तान्ह्या लेकीला घरी आणायचं ठरलं होतं. सासऱ्यांनी फोनवर टोमणा मारला, "जावईबापू, ती धुराडी घिऊन येऊ नका. लेकराला ठसका लागंल." ते बसवंतला असं झोंबलं की त्यानं अंगणातच इंजिन उघडलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, त्यांच्यातून ऑइल वर चढून जळत होतं.

खंडेनवमीच्या सकाळी त्यानं एकेक नवी रिंग सिलिंडरमध्ये बसवून पाहिली. रिंग अखंड नसते, तिला एक चीर असते. त्या चिरेला तोंड म्हणतात; रिंग झिजली की ते रुंदावतं. मापाच्या पातळ पात्यांनी त्यानं प्रत्येक तोंड मोजलं, रिंगा जुन्या धोतरावर ओळीनं मांडल्या, झिजलेल्या रिंगा डब्यात टाकल्या आणि ऑइल आणायला तो बाजारात गेला.

परत आला तर पान्यांना झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. आईनं हत्यारं पुजली होती. त्याला बरं वाटलं. तीन पिस्टनवर रिंगा चढल्या. चौथ्याची पहिली रिंग हातात घेतली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. तिची कड झिजून चकाकत होती. सिलिंडरमध्ये टाकली, तर सगळ्यात जाड पातंसुद्धा तिच्या तोंडातून सहज आरपार गेलं.

"आई, हितं कोन आलतं?"

"कोनी न्हाई."

"रिंगंला कोन हात लावला?"

"म्या न्हाई बाबा." धोंडाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

बसवंतनं डबा उपडा केला. जुन्या रिंगांत एक कमी होती. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "खोटं बोलून राहिलीस व्हय माझ्यासंगं?" तो गरजला आणि हातातला पाना त्यानं फरशीवर आपटला.

धोंडाबाईनं झटकन पदर कानावर ओढला, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि कोपर गालापुढं धरलं. बसवंतनं आईवर कधी हात उगारला नव्हता. पण हे कोपर त्याच्या ओळखीचं होतं. लहानपणी दाराआडून त्यानं ते पाहिलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

तो तिथंच खाली बसला. पडलेला पाना त्यानं लांब सरकवला. मग हळू म्हणाला, "आई, मी काय बी करत न्हाई. सांग."

तिनं कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांतून रिंगेचे दोन तुकडे निघाले, कुंकू लागलेले. "पूजेच्या तांब्याच्या गळ्यात घालावी म्हनून फाकवली. कट्टकन मोडली. खंडेनवमीला लोखंड मोडलं, बसवंता! आन् तू उद्या तान्ह्या लेकराला घिऊन येनार. तुला कोन्या तोंडानं सांगू?"

"म्हनून जुनी ठिवलीस?"

"दिसाया सारखीच की रं."

एवढ्यातही त्याला हसू आलं. पण सुटी रिंग मिळत नाही, सगळा संच घ्यावा लागतो, आणि तो नांदेडहून मागवायचा म्हणजे दसरा गेलाच. त्यानं साक्षीला फोन लावला. उचलला सासऱ्यांनी.

"गाडी व्हायची न्हाई, मामा. माझ्या हातनं रिंग मोडली. यष्टीनं येतो."

पलीकडं हशा पिकला. "आमाला ठावंच व्हतं! येरागबाळ्याचं काम हाय का ते?" बसवंतचे कान लाल झाले. त्यानं दात दाबून धरले.

धोंडाबाई उठली. व्याह्यांपुढं आजवर तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. तिनं लेकाच्या हातातून फोन घेतला.

"म्या धोंडाबाई बोलते. त्यानं न्हाई मोडली. म्या मोडली, आन् भिऊन लपवली बी म्याच. उद्या म्या बी यष्टीनं येतीय. नात माझ्या मांडीवर यील."