पंचफुलाबाईचा पिंपळ

पंचफुला मेश्रामचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्यात तिची काही चूक होती असंही म्हणवत नाही. ती बिड्या वळायची. दिवसभर मान मोडून वळलेल्या बिड्या संध्याकाळी कारखान्यात न्यायच्या, तिथल्या छाटणीवाल्यानं त्यातल्या मूठभर 'खराब' म्हणून बाजूला फेकायच्या, त्यांची मजुरी द्यायची नाही, आणि त्याच बिड्या मागच्या दारानं विकायला जायच्या. वर्षानुवर्षं हे डोळ्यांनी पाहणाऱ्या बाईनं भरवसा ठेवावा तरी कोणावर? कोणी पाहुणा घरी येऊन गोड बोलला, की तो उंबरा ओलांडायच्या आत ती नवऱ्याला म्हणायची, "हा काहून इतका हासते गा? काहीतरी मागाले आला असन."

नवरा देवाजी मिलमध्ये रातपाळीला होता. त्याचा साऱ्या जगावर विश्वास, त्यामुळे घरात संशय घ्यायचं काम एकट्या पंचफुलालाच करावं लागे.

त्यांची वस्ती नागपूरच्या पश्चिमेला, एका कॉलेजच्या मागं होती. मध्ये मोकळं मैदान, आणि मैदानाच्या काठावर पहिलं घर पंचफुलाचं. भिंतींची माती तिनं स्वतःच्या पायांनी तुडवली होती, छपराचे कवेलू थोडे थोडे करून डोक्यावरून आणले होते. दार मैदानाकडे होतं, म्हणून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दारात उजेड. मांडीवर सूप घ्यायचं, सुपात तंबाखू अन् तेंदूची कापलेली पानं, आणि बोटं चालू. वस्तीतल्या इतर बाया दुपारनंतर अंधारात डोळे फोडत बसायच्या. पंचफुलाला त्या दाराचा गर्व होता, आणि तो ती लपवायची नाही.

शहात्तर सालचा पावसाळा. आणीबाणीचे दिवस. कुठं झोपड्या पाडल्या, कुठं बसमधून उतरवून माणसं नसबंदीच्या कॅम्पात नेली, अशा बातम्या रोज नळावर यायच्या. अशात एका दुपारी कॉलेजची पोरंपोरी टिकास-फावडी घेऊन मैदानात उतरली, आणि त्यांच्यामागं छत्री धरून गोपाळराव नावाचे प्राध्यापक. झाडांचा विषय शिकवायचे ते. पंचफुला दारातच होती.

"बाई, आमच्या कॉलेजचा पर्यावरण सप्ताह आहे," ते म्हणाले. "इथं झाडं लावणार आहोत. तुमची नाली साफ करणार. शनिवारी तुमच्या वस्तीत व्याख्यानही ठेवलंय."

"काहून?"

"म्हणजे? हवा चांगली राहील. तुम्हाला सावली मिळेल."

"आमाले सावली काहून देऊन राहिले जी तुम्ही?"

गोपाळराव बिचारे गप्प झाले. इतक्या वर्षांत असा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नसावा. पंचफुलानं मात्र त्या गप्प बसण्याचा पक्का अर्थ लावला, की कुठंतरी पाणी मुरतंय.

सप्ताह सुरू झाला. पोरांनी गाणी म्हणत नाली उपसली. पोरी घरोघर फिरून पाणी कुठून आणता, सरपण किती लागतं, घरात माणसं किती, असं विचारू लागल्या. माणसं किती म्हटल्याबरोबर पंचफुलाला नसबंदीचा कॅम्प आठवला. "मी एकटीच आहो," ती म्हणाली. "नवरा मेला." रातपाळी करून आलेला देवाजी तेव्हा पडद्याआड असा घोरत होता की दारावरची साखळी वाजावी. विचारणारी पोर भल्या घरची होती, ती खाली मान घालून पुढच्या घरी गेली. जागा झाल्यावर देवाजीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मारलं काय वं मले?" पंचफुला म्हणाली, "कापून घेण्यापरिस मेलेला बरा."

पण तिच्या जिवाला घोर लावला तो खड्ड्यांनी. पोरांनी दोरी ताणून चुना टाकला होता आणि त्या चुन्यावर खड्ड्यांची सरळ रांग चालली होती, ती नेमकी तिच्या दारापुढून. दारातून उडी मारली तर माणूस खड्ड्यात पडावा, इतकी जवळून. तिनं शेजारच्या गोपिकेला बोलावून दाखवलं.

"सावलीसाठी झाडं लावणारा दोरी ताणत नाई," ती म्हणाली. "आज झाड, उद्या तार, अन् परवा आपण रस्त्यावर. पायजो तू."

"तुले तं पाण्यातही साप दिसते," गोपिका म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

पंचफुलाचं मात्र बिड्यांत लक्ष लागेना. गुलमोहर लावणार होते म्हणे. गुलमोहराचं काय, आज लावतील, उद्या उपटतील, कापायला कोणाचा हात थरथरत नाही. मग तिच्या डोक्यात आलं, की असं एक झाड आहे ज्याला कोणीच हात लावत नाही. हिंदू माणूस पिंपळावर कुऱ्हाड घालायला भितो, आणि आपल्या बौद्ध माणसांचा तर तो बोधिवृक्ष. वस्तीतल्या विहिरीच्या कठड्यात वीतभर पिंपळ उगवलेला होता. तो तिनं मुळासकट अलगद काढला आणि झाडं लावायच्या दिवशी, पाहुणे यायच्या आत, आपल्या दारापुढच्या खड्ड्यात नेऊन लावला. जवळ काडी रोवून तिला पंचशीलाचा कागदी झेंडा बांधला, मेणबत्ती लावली आणि हात जोडून बसली. तिला बसलेलं पाहून बाया आल्या, बायांना पाहून माणसं आली, आणि कोणीतरी वंदना सुरू केली.

गोपाळराव गुलमोहराचं रोप घेऊन आले ते तसेच उभे राहिले. वंदना संपेपर्यंत त्यांनी पायातल्या चपलाही काढून ठेवल्या होत्या. मग म्हणाले, "पिंपळ उत्तम झाड आहे, बाई. राहू द्या," आणि हातानं ओंजळभर पाणी घातलं. ते हसत होते, म्हणून पंचफुलाला त्यांचा आणखीच संशय आला.

आणि सांगायची गोष्ट अशी, की तिचा संशय खरा निघाला. पुढच्याच वर्षी कॉलेजनं झाडांच्या रांगेला धरून लोखंडी खांब रोवले. तार लावणाऱ्या मजुरांनी वस्तीच्या बाजूची खांबांची ओळ झाडांच्या अलीकडे, पुढच्या घरांच्या अंगावरूनच नेली होती, म्हणजे ती घरं पाडावी लागणार होती. पिंपळाशी आल्यावर सारं थांबलं. साहेब आले, मोजमाप झालं, वस्ती गोळा झाली, आणि गोपाळरावांनी आपल्याच कॉलेजच्या माणसांना सांगितलं की झाड आत घेता येणार नाही अन् तोडताही येणार नाही. शेवटी सारं कुंपण मैदानात मागं सरकलं. एक घर हललं नाही. त्या दिवशी गोपिकेनं येऊन पंचफुलाची अलाबला घेतली. पंचफुला महिनाभर ताठ मानेनं चालत होती.

पिंपळ वाढला. पिंपळाला काय, पाणी घाला नाहीतर नका घालू. पाच-सहा वर्षांत तो कवेलूंच्या वर गेला. वस्तीनं त्याला सिमेंटचा पार बांधला, बुद्धपौर्णिमेला तिथं खीर वाटली जाऊ लागली. पंचफुला आपल्या दारात बसून ती गर्दी पाहायची आणि बिड्या वळायची. कॉलेजकडं तिचा एक डोळा कायम असायचा. तारेजवळ कोणी नवा माणूस दिसला की ती सूप बाजूला ठेवून उठायची.

मग एका रविवारी वस्तीच्या समितीचे अध्यक्ष चंपतराव चार माणसं घेऊन तिच्या दारात आले. सज्जन माणूस, वस्तीत कोणाच्याही मयतीला पहिला हजर. त्यांना पाहून ती हसली, पाणी दिलं. इतक्या वर्षांत कोणी दारात आल्यावर काय मागायला आला असा प्रश्न तिच्या मनात आला नाही, तो हाच एक दिवस.

"पंचफुलाबाई," चंपतराव म्हणाले, "विहार बांधाचं ठरलं आहे. मूर्ती भेटून राहिली. बोधीवृक्षापुढंच पाहिजे, असं साऱ्यायचं म्हननं आहे."

"चांगलं आहे," ती म्हणाली. "बांधा ना."

देवाजी खाली पाहत होता. मग तिनं झाडाकडे पाहिलं, झाडापासून आपल्या दारापर्यंत पाहिलं, आणि तिला कळलं. एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूला रस्ता. झाडापुढं जागा होती ती तिच्या घराचीच.

"नाल्याकडच्या टोकाले जागा देऊ तुमाले," चंपतराव हात जोडून म्हणाले. "घर समिती बांधून देईन. तुमच्यासारखी श्रद्धा कोनाची आहे, बाई? तुमच्याच हातचं झाड."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घर वाचवायचा एकच मार्ग होता, आणि तो लाजेचा होता. पण पंचफुला भिडस्त नव्हती. ती उभी राहिली आणि साऱ्यांसमोर म्हणाली, "श्रद्धेनं नाई लावलं मी. कॉलेजवाले घर पाडतीन म्हून लावलं. झेंडा बांधला, मेणबत्ती लावली, सारं घरासाठी केलं. माह्यं घर वाचवाले लावलेलं झाड आहे ते."

तिला वाटलं होतं, आता चिडतील, आता थू म्हणतील. म्हणू देत, घर तर राहील. चंपतराव मात्र चिडले नाहीत.

"आमाले मालूम आहे ना," ते शांतपणे म्हणाले. "तवाच मालूम होतं. पन त्यानं वाचलं तं साऱ्यायचंच घर, बाई."

कॉलेज असतं तर ती भांडली असती, दारात आडवी पडली असती. इथं आपलेच दात अन् आपलेच ओठ. साऱ्या जगावर तिनं संशय घेतला, आपल्या माणसांवर घ्यायचा तेवढा राहून गेला, आणि ती माणसं तर वाईटही नव्हती. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "कवेलू मीच उतरवीन. तुमच्या पोट्ट्याईनं फोडू नका."

विहार झालं. पांढरंशुभ्र, समोर तीन पायऱ्या. पंचफुलाचं घर नाल्याकडे गेलं, समितीनं शब्दाप्रमाणे पक्कं बांधून दिलं. पण तिथं दारासमोर दुसऱ्याची भिंत, दुपारीच काळोख. बिडीचा धागा दिसेना. कारखान्यात तिच्या बिड्यांची छाटणी वाढली. म्हणून एका सकाळी ती सूप घेऊन विहाराच्या पायरीवर, जिथं तिचा उंबरा होता तिथं, उजेडात येऊन बसली आणि पानं कापू लागली.

थोड्या वेळानं चंपतराव आले.

"पंचफुलाबाई, कसं म्हनू तुमाले. विहाराच्या पायरीवर तंबाखू बरा नाई दिसत. लोकं बोलून राहिले."

"इथं माह्यं घर होतं गा."

"हाव. साऱ्यायले मालूम आहे," ते म्हणाले.

तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्यात कुठं खोट दिसते का, हे तिनं आयुष्यभराच्या सवयीनं शोधलं. सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. मग तिनं पायरीवर सांडलेला तंबाखू पदरानं पुसून घेतला, सूप उचललं आणि नाल्याकडच्या वाटेला लागली.