पाचवी किल्ली

आमच्या गल्लीत एक कुलूपवाले आहेत, सगळे त्यांना किल्लीमास्तर म्हणतात. पस्तीस वर्षं त्याच टपरीत कानस घासत बसलेले. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे खिळ्यांवर टांगलेल्या असतात. कोणी घराबाहेर अडकलं की मास्तर आहेतच. माझीही किल्ली तिथेच. मी जन्मभर रंगमंचावर खलनायक रंगवला, त्यामुळे लोक मला घर द्यायला कचरत. मास्तरांनी मात्र पहिल्याच दिवशी काही न विचारता कुलूप बसवून दिलं, वर चहा पाजला.

निवडणुकीच्या दिवसांत गल्लीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, त्या पक्षाचे सगळे चोर. एरवी चकार शब्द न काढणाऱ्या मास्तरांनी उत्तर दिलं: ‘सगळे नाहीत. आपल्या गल्लीत त्यांची अकरा घरं आहेत. अकराही कुलपं मीच बसवलीत. माणसं सरळ आहेत.’

झालं. हा घरं मोजतो? कुलूप बसवताना आत काय काय बघतो? दुपारपर्यंत बातमी आली, की सगळ्यांनी किल्ल्या परत घेतल्या. बायको म्हणाली, आपलीही आणा. खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली होती.

टपरीवर गेलो. मास्तरांनी माझी किल्ली काढून हातावर ठेवली.

“सगळेच घेऊन गेले म्हणे,” मी पुटपुटलो.

“चौघे गेले. तुम्ही पाचवे, खलनायक.”

मी वर पाहिलं. वीसेक किल्ल्या जागच्या जागी होत्या.

“पण मास्तर, ती अकरा घरं तुम्हाला कळली कशी?”

“दारांवर हातभर स्टिकर लावलेत हो त्यांनी. तुम्ही रोज तिथूनच जाता की.” मग कानस खाली ठेवून म्हणाले, “पाच गेल्या की सहावा कारणही विचारणार नाही. माझ्या धंद्यात विश्वास, एवढंच असतं.”

मी किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली आणि उभ्याउभ्याच ग्रुपवर लिहिलं: ‘सगळ्यांनी नाही, चौघांनी किल्ल्या नेल्या. माझी मास्तरांकडेच आहे. दारांवरचे स्टिकर मोजा, अकराच भरतील.’

मिनिटाभरात पहिलं उत्तर आलं: ‘काका, तुम्ही कधीपासून त्यांचे?’

मी फोन मास्तरांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

“बारावं घर,” ते म्हणाले, आणि कानस उचलली.

सहावा माणूस आला नाही. नेलेल्या चारांपैकी एक किल्ली परत आली. तीन खिळे अजून रिकामे आहेत.