नवा डेंगा

बदलापूरच्या बाजारात बारवी धरणाकडच्या वाडीवरून येणारी एक बाई खेकडे विकायची. नव्वदच्या आसपासची गोष्ट. टोपलीतले खेकडे फेस काढत कुजबुजायचे आणि ती गवताच्या काडीने त्यांचे डेंगे, म्हणजे पुढच्या नांग्या, बांधत बसायची, अर्धवट झोपेत असल्यासारखी. तिच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती.

एकदा एका खेकड्याला इवलासा, दुधी रंगाचा नवा डेंगा फुटलेला दिसला. मी उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. मुलांना दाखवायला मी तो खेकडा मागितला.

"तो नाय इकायचा. त्याचा हात येतोय अजून," ती म्हणाली. असला खेकडा चुकून हाती लागला तर ती परत ओढ्यात सोडायची.

मग मी तिला सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याबद्दल सांगितलं. त्याचा पाय तुटला तर बोटांसकट सगळा पुन्हा उगवतो, त्याच्या अंगातच तसं लिहिलेलं असतं, म्हणालो.

ती काडी वळत राहिली.

"पन थांबायचं कुठं, ते त्याला कसं कलतं?" मग स्वतःचा हात उलटसुलट करून म्हणाली, "माझा तर लगेच थांबला."

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी फळ्यावर काढलेला सॅलमँडरचा पाय पुसायला घेतला, पण शेवटची दोन बोटं काही पुसवेनात.