भोयर बाईंचं चार मजली जंगल

भोयर बाई वर्गात कधी सरळ आल्या नाहीत. आधी उंबरठ्याशी वाकायच्या, फटीत डोकवायच्या आणि मुलांना विचारायच्या, "इथं कोन राहते गा?" मुंगी, गोम, पाल, जे असेल ते मुलांनी सांगायचं, मग पाठ सुरू. मी शेजारच्या तिसरीला शिकवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं कानातलं पडलं असेल.

सत्तरच्या दशकात त्या चांद्याकडच्या जंगलपट्टीतून आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत आल्या. वय पंचविशीचं, नोकरी तात्पुरती. तपासणीत पाठ चांगला झाला तर कायम करू, असं संस्थेनं सांगितलेलं. गावी म्हातारी आई आणि दोन लहान भाऊ बाईंच्याच पगाराकडे डोळे लावून बसलेले.

चौथीच्या भूगोलात विषुववृत्तावरच्या घनदाट जंगलांचा धडा होता. आम्ही तो कसा शिकवायचो? "तेथे बारमाही पाऊस पडतो" असं आम्ही म्हणायचं, मुलांनी मागून म्हणायचं, झालं जंगल! बाईंनी पुस्तकच मिटलं. मला म्हणाल्या, "ताई, ज्या पोरानं जंगल पाह्यलंच नाही, त्याले नुसतं 'घनदाट' म्हणून काय समजन? त्याच्या हातानं होऊ द्या जी."

महालातल्या पोरांचे हात पतंगांवर तयार झालेले. बांबूच्या कमच्या वाकवणं, खळ लावणं यात चौथीतलं पोरही उस्ताद. बघता बघता वर्गाच्या मधोमध छताला टेकणारं झाड उभं राहू लागलं. बुंध्याला बारदाना, पानांना हिरवा पतंगी कागद, फांद्यांवरून सुतळीच्या वेली. शिवाय प्रत्येकानं एकेक प्राणी करायचा आणि तो कोणत्या मजल्यावर राहतो ते शोधायचं. "जंगल म्हंजे चार मजली बिऱ्हाड," बाई सांगायच्या. "वरचा ऊन खाते, खालचा उरलंसुरलं. पन एकाले उठवलं का चारी मजले रिकामे होतेत."

मुख्याध्यापक एकदा दारात उभे राहिले. "बाई, हा तास भूगोलाचा की हस्तव्यवसायाचा? तपासणीला काय हे पोपट बोलणार आहेत?"

"माझा बोलते, सर," मंदा नावाची चिमुरडी म्हणाली. अख्खा वर्ग हसला, सर तेवढे हसले नाहीत.

पोळ्याची सुटी लागली आणि सुटी संपताच तपासणी. पावसाळी हवेत खळ काही वाळेना. मुलांनी प्राणी रंगवायला घरी नेले होते. पोळ्याच्या दिवशी छान ऊन पडलं, तेव्हा बाईंनी शिपायाला हाताशी घेऊन झाड तेवढं फाटकाजवळच्या अंगणात काढून ठेवलं. नागपुरातला त्यांचा हा पहिलाच पोळा. दुसऱ्या दिवशी इथं मारबतीची मिरवणूक निघते, गल्लीगल्लीतली पोरं बांबू-कागदाचे बडगे, म्हणजे पुतळे, करतात, गावाच्या साऱ्या पीडा त्यांच्यावर टाकून मिरवतात आणि शेवटी जाळतात, हे त्या माउलीला कुठून ठाऊक!

मी घरच्या लेकरांना घेऊन मिरवणूक बघायला उभी होते. गर्दीतून डोलत डोलत येतंय काय, तर आमचं झाड! गळ्यात पाटी, 'महागाई'. मी पुढे धावले. "अरे मेल्यांनो, ते शाळेचं झाड आहे!"

"हो ना, बाई!" एक तरणा पोरगा घामाघूम चेहऱ्यानं खूश होऊन म्हणाला. "शाळेनंच तर बाहेर ठेवलं आमच्यासाठी. लय जबरदस्त बडग्या बनवला!" पुढचं माझं बोलणं ढोलताशात बुडालं. 'घेऊन जाय गे मारबत' म्हणत आमच्या चौथीची पोरंही ओरडत होती. झाड जवळ आलं तेव्हा त्यांनी ओळखलं आणि एकेकाचा आवाज बंद झाला.

मी बाईंच्या खोलीवर जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याह्यची काय चूक जी, ताई? मीच बाहेर ठेवलं." मग पदर डोळ्याला लावला. "आता साहेबाले काय दाखवू?"

तपासणीला मुलं आपापला प्राणी हातात धरून बसली होती. मधली जागा मोकळी. साहेबांनी मंदाला विचारलं, "हा पोपट कुठं राहतो?"

"तिसऱ्या मजल्यावर राहे, साहेब. आता नाही राहत. झाड जाळलं."

"मग आता कुठं राहतो?"

मंदानं पोपटाकडे पाहिलं. "माझ्या हातात. पन हात दुखून राहिला."

 मग साहेबांनी साऱ्या वर्गाला विचारलं आणि बेडकापासून गरुडापर्यंत सगळ्यांनी आपापले मजले धडाधड सांगितले. शेरा असा पडला: 'पाठ उत्तम. मात्र शैक्षणिक साधन आढळले नाही.' संस्थेला बाईंना कायम करायचं नव्हतंच बहुधा. त्यांनी दुसरं वाक्य धरून ठेवलं. मी मुख्याध्यापकांशी कडाकडा भांडले, उपयोग शून्य. मला तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो.

वर्ष संपल्यावर बाईंना नागपुरातच सक्करदऱ्याकडे एका शाळेत नोकरी मिळाली, तीही तात्पुरतीच. निघाल्या त्या दिवशी सायकलरिक्षाभोवती चौथीचा वर्ग जमला आणि मुलांनी सगळे प्राणी बाईंच्या ओटीत घातले. माकडं, बेडूक, मुंग्यासुद्धा.

"बाई, तिथं झाड कराल नं?"

"करीन नं."

रिक्षा हलली तरी मंदा टपाचा दांडा सोडेना. "बाई," ती पळता पळता म्हणाली, "पोळ्याले मात्र बाहेर ठेवजा नोका!"

बाईंनी नुसती मान हलवली.