उत्तराची वाट बघणाऱ्या बाई

सेनगावच्या कॉलेजात आम्हाला अर्थशास्त्राला ज्या बाई होत्या, त्या बोलायच्या कमी आणि थांबायच्या जास्त. एखाद्या मुलीला प्रश्न विचारला, की मागून कुणीतरी पोरगा उत्तर ठोकून द्यायचा. "तुला विचारलं काय रे? थांब जरा," म्हणत बाई हातात खडू धरून त्या मुलीकडेच बघत उभ्या राहत. आम्हा मुलींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण तोंड उघडल्याशिवाय सुटका नसे.

विभागात त्या एकट्याच बाई. बैठकीत कुणीतरी हमखास म्हणे, "मॅडम, चहाचं बघता का?" बाई नुसत्या हसून बसून राहत. शेवटी एखादे सरच उठत, असं शिपाईमामा मिटक्या मारत सांगायचे.

माझं बी.ए. झालं आणि घरात लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या. मला एम.ए. करायचं होतं. बाईंना कळलं तशा त्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावी आल्या. आमच्या अण्णांनी खुर्ची दिली आणि निकालही सांगून टाकला.

"अर्थशास्त्र पोरांचं काम, बाई. घर चालवायला एमे काहून लागतं?"

"तुमचं ऐकलं," म्हणत बाई उठल्या आणि आईजवळ खाली बसल्या. आई नुकतीच खुरपून आली होती, पायाचा चिखलही वाळला नव्हता. बाईंनी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"

"मी कुठं काय करते. घरीच असते."

"बरं. पोरीचं काय करायचं, ते तुम्ही सांगा."

"तिला काय कळतंय त्यातलं," अण्णा मध्येच म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, भाऊ."

आणि बाई थांबल्या. चहावर साय धरली तरी थांबल्याच.

आई खाली बघत म्हणाली, "शिकू द्या तिला. मी हाय ना वावरात."

"मग म्या कुठं न्हाई म्हणलं?" अण्णा म्हणाले. आमचे अण्णा हे असे.

बाई निवृत्त होऊन हिंगोलीला गेल्या. आता त्याच वर्गात मी शिकवते. त्यांच्याइतकं थांबणं मला अजून जमत नाही, आणि तेव्हा त्यांची फार आठवण येते.

परवा गावी होते. कसल्याशा सरकारी पाहणीचा माणूस दारात आला. "घरात शेती कोण करतं?" अण्णांनी तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटलं.

"मी करते," आई म्हणाली. "हे बी असतात मदतीला."

मी लगेच बाईंना फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू काहून सांगून राहिली?" त्या म्हणाल्या. "त्यांना दे फोन."

आईनं पदराला हात पुसले आणि फोन घेऊन ती अंगणात गेली. बराच वेळ बोलत होती.