जबल शम्सचा बर्फ आणि आईचे तीन स्वेटर

मंडळी, हसू नका. आज सकाळी हेलिकॉप्टरवाल्यांनी माझ्या आईला वजनकाट्यावर उभं केलं.

ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये मला जबल शम्स डोंगरावरून हेलिकॉप्टरनं फेरी मारायची दोन तिकिटं लागली. नशीब बघा, परवाच तिथं बर्फ पडलेला. आई गुहागरहून पहिल्यांदाच मस्कतला आलीये. सोबत मोठी बॅग चालणार नाही म्हटल्यावर तिनं विमानतळावरची आपली सगळ्यांची युक्ती केली. तीन स्वेटर घातले आणि बाकीचं खिशांत कोंबलं.

पण इथं माणसाचंच वजन करतात! आम्ही चार किलोंनी जास्त भरलो.

"यल्ला मामा, पॉकेट खाली करो," काट्याजवळचा ओमानी हसत आईला म्हणाला. म्हणजे 'चला आई, खिसे रिकामे करा'. खिशांतून थर्मास, नाचणीचे लाडू आणि लोणच्याची बरणी निघाली.

"तुला भूक लागली असती तर?" आई माझ्यावरच चिडली.

वर गेल्यावर मात्र तिनं काचेला नाकच लावलं. काळ्या कड्यांवर तांदळाचं पीठ चाळावं तसा बर्फ पसरला होता.

मग हेडफोनमधून तिचा आवाज आला, "एवढं आहे होय इथं? मग बारा वर्षं फोनवर 'बघण्यासारखं काही नाही' का म्हणायचास?"

"तिकडं रुवी भागात एका खोलीत सहाजण राहायचो, आई. तुला कुठं ठेवलं असतं?"

"मी काय खोली बघायला येणार होते?"

तुम्हीही गावाला कुणाला तरी असंच सांगून ठेवलंय ना? बोलवा त्यांना. फक्त स्वेटर एकच घालायला सांगा.