साळुबाईचं नाव

साळुबाई म्हंजी माझी थोरली जाऊ. निरगुडसरला आमची घरं भिंतीला भिंत लावून, तिच्याकडं कुणी शिंकलं तरी मला ऐकू यायचं. तिचं मालक चिमाजी. आमी समदी त्येंना आबा म्हणायचो. बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करायचं. जबडा उघडून दात बघितलं की बैलाचं वय सांगायचं. आन् दोन हजार चार सालाच्या आगंमागं त्याच माणसाला सवताच्या घरचं दार सापडंना झालं. बाजाराला म्हणून निघायचं आन् ओढ्याकडंला उभं ऱ्हायचं.

साळुबाईचं देवाकडं एकच मागणं. "बैल इसरू दे, पोरं इसरू दे. मला तेवढं इसरू देऊ नको." मी म्हणायचे, "अवो अक्का, तुमाला कसं इसरतील?" तिला धीर द्यायला म्हणायचे, दुसरं काय!

तवा दवाखान्यातनं मंगल सिस्टर यायला लागली. म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात किती उरलंय, सवताचं सवता किती करतंय, ते इचारून गुण द्यायची. पोरगी गोड व्हती, उगं खोटं का बोलू?

"आबा स्वतः आंघोळ करतात?"

"करत्यात की," साळुबाई म्हणाली.

"कपडे?"

"घालत्यात."

मला हसावं का रडावं कळंना. न्हाणीत पाणी काढून देणारी ही, धोतर हातात देणारी ही, पाटावर बसल्यावर ताट सरकवणारी बी हीच. बाप्या धडधाकट व्हता तवा तरी सवता काय करत व्हता? मग सवय कुठं सरली आन् आजार कुठनं लागला, ते त्या पोरीनं कसं मोजावं?

मग तिनं आबांना इचारलं, "आबा, या कोण?"

आबा म्हणालं, "कोण म्हंजी? आमची कारभारीण!"

"यांचं नाव काय?"

आबा लाजलं. खाली बघून म्हणालं, "काय तरीच तुमचं! घरातलीचं नाव कुणी घेतं व्हय?" सुंभ जळाला तरी पीळ जळत न्हाई, म्हणत्यात ते खोटं न्हाई. उभ्या जन्मात त्येंनी तिला 'अगं ए' बिगर हाक मारली नव्हती.

सिस्टर हसली, पण नाव न्हाई तर गुण न्हाई. शून्य. मी लई भांडले तिच्याशी. साळुबाई मातूर पदराआड हसत व्हती. नव्या नवरीवानी तोंड झालं व्हतं तिचं.

पाऊस सरला आन् आबा गप गप व्हत गेलं. एक दिवस जेवता जेवता त्येंनी साळुबाईकडं बघितलं. मी ताक द्यायला गेले व्हते.

"बाई, तुमचं नाव काय?"

पहिल्यापासनं थट्टेखोर माणूस, तिला वाटलं थट्टाच. म्हणाली, "साळुबाई."

"साळुबाई, लई ग्वाड भाकर केली तुमी. आमची कारभारीण बी अशीच करती." मग हात धुतला आन् उठलं. "येतो आता. ती वाट बघत आसंल."

साळुबाईनं त्येंचा हात धरून परत बसवलं. आपलं ताट तिनं तसंच गाईपुढं ठेवलं. त्या दिसापासनं आबा तिला नावानंच हाका मारायला लागलं. साळुबाई, पाणी देता का? साळुबाई, तुमाला लई तरास झाला.

थंडीत सिस्टर परत आली. "आबा, यांचं नाव काय?"

"साळुबाई," आबा झटक्यात म्हणालं.

"अगं बाई! मागच्यापेक्षा सुधारले की आबा!" पोरगी खरंच हरखली. या खेपंला 'या कोण' म्हणून इचारायचंच राहिलं तिचं. मी तोंड उघडणार, तवर साळुबाईनं माझा हात दाबला. सिस्टरला तिनं चहा केला, फाटकापत्तुर पोचवायला गेली.

परत आली आन् उंबऱ्यातच बसली.

"अंजना," ती म्हणाली, "त्ये शून्यच बरं व्हतं गं."